पीटीएचचा एकच आकडा पुरेसा नाही

आईचे डायलिसिस आठवड्यातून तीनदा होते, आणि रक्ताचा अहवाल हाती आला की माझी नजर आधी पीटीएचवर, म्हणजे पॅराथायरॉइड संप्रेरकाच्या आकड्यावर जाते. मूत्रपिंडे निकामी झाली की रक्तात फॉस्फरस साठतो, सक्रिय ड जीवनसत्त्व कमी पडते आणि गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथी हे संप्रेरक जादा सोडून हाडांतले कॅल्शियम ओढू लागतात. तरीही निरोगी कमाल मर्यादेच्या २ ते ९ पट पीटीएच अशा रुग्णांत चालू शकते, असे मूत्रपिंडविकारांवरची २०१७ ची आंतरराष्ट्रीय केडिगो मार्गदर्शिका सांगते. ते फार दाबले तर जुने हाड झिजून नवे भरण्याची क्रियाच थंडावते. म्हणूनच मी अल्कलाइन फॉस्फटेज, म्हणजे हाडांतली ही उलाढाल वाढली की रक्तात वाढणारे विकरही पाहते, आणि माझ्या मते ते प्रत्येक घरच्या माणसाने पाहावे. गेल्या खेपेस दोन्ही चढलेले होते. त्या रात्री आई नडग्या चोळत बसली होती.