आरसा वर गेला की

"तू लग्न टीव्हीवर बघतोस रे!" अंतरपाट धरलेला असताना शेजारी उभे असलेले फोटोग्राफर काका मला म्हणाले. कर्वे रोडवरचं कार्यालय, त्यांच्या हातात निकॉन डी ८५०, म्हणजे आरशातून थेट समोरचं दाखवणारा कॅमेरा; माझ्या हातात निकॉनचाच बिनआरशाचा झेड ७, ज्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावायच्या खिडकीत) छोटा स्क्रीन असतो.

म्हटलं, टीव्ही तर टीव्ही. मागच्या एलईडी भिंतीमुळे नवरीचा चेहरा काळा पडतोय हे मला बटण दाबायच्या आधीच व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतं.

"आणि बॅटऱ्या?"

इथे मी गप्प. कंपनीच्याच आकड्यांत त्यांची एका चार्जवर १,८४० फोटो, माझी ३३०. प्रत्यक्षात बरेच जास्त निघतात, पण जादा बॅटऱ्यांनी खिसा जड राहतोच.

मग पंगतीत मठ्ठा संपवता संपवता ते सहज बोलून गेले, "गंमत बघ, फोटोत जो क्षण येतो तो मला कधी दिसतच नाही. तेवढ्यात आरसा वर जाऊन खिडकीत अंधार झालेला असतो."

तेव्हापासून डोक्यात तेच. इतक्या जणांच्या गळ्यात माळा पडताना टिपल्या आणि नेमकं तेवढंच बघायचं राहिलं! अर्थात शटरच्या वेळी माझ्याही स्क्रीनवर अंधार होतोच. २०२१ च्या झेड ९ नं तोही घालवला, पण त्याची किंमत बघून मीच डोळे मिटतो.

लग्नवाल्यांनो, अजून कोण कोण आरसेवाला वापरतंय?