मुलाचं नाव नको, तुमची झोप सांगा

शुक्रवार, रात्री उशिरा

आमच्या मराठवाड्यात शाळेची नोकरी म्हणजे कधी ना कधी एखाद्या पोराच्या शेतकरी बापाच्या आत्महत्येची बातमी वर्गात येतेच. दिवस-पाणी उरकून ते पोरगं डोक्याचे केस काढलेलं शाळेत येतं आणि वर्गशिक्षिकेच्या टेबलापाशी उभं राहतं, बालसंगोपन योजनेच्या फॉर्मला जोडायला बोनाफाईड पाहिजे असतं. मॅडम सहज विचारतात घरी आता कोण कोण आहे रे, आणि ते सगळं सांगून टाकतं, आधी कुणी बघितलं, आईला कुणी धरलं, आजी अजून काय बडबडते. सरकारची १ लाखाची मदत असते, ३० हजार हातात आणि ७० हजार ठेव, पण त्याआधी केस पात्र का अपात्र ते समितीत ठरतं. "मॅडम, आमची केस अपात्र झाली" असं आठवीतलं लेकरू म्हणतं तेव्हा समोरच्या माणसाने काय बोलायचं, हे डीएड-बीएडला कुणी शिकवलेलं नसतं.

आमच्याकडे एक मॅडम आहेत (त्यांना विचारूनच लिहितेय), मुलं सगळं त्यांनाच सांगतात. मागच्या सत्रापासून त्यांचं जरा वेगळं चाललंय. नवरा शेतातून यायला थोडा उशीर झाला की फोनवर फोन, पहाटे तीनला जाग येते मग झोप नाही, वर्गात एखादा मुलगा गैरहजर दिसला की शिकवणं तिथंच थांबवून ऑफिसात येतात आणि त्याच्या घरी फोन लावायला लावतात. स्टाफरूममध्ये यावर एकच बोललं जातं, मॅडम फार हळव्या आहेत, मनाला लावून घेतात. मला हे अजिबात पटत नाही. हळवेपणा हा काही त्यांचा दोष नाही, त्या हळव्या आहेत म्हणून तर मुलं त्यांच्याशी बोलतात ना, आणि त्या बोलण्याचा भार कुठंतरी पडणारच.

याला सेकंडरी ट्रॉमॅटिक स्ट्रेस म्हणतात. चार्ल्स फिग्ली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९५ च्या सुमाराला यावर बरंच लिहिलं, घाव दुसऱ्याला बसलेला असतो पण त्याचं ऐकून, त्याला सांभाळून सांभाळून आपल्याला तशीच लक्षणं सुरू होतात, तीच स्वप्नं, तेच दचकणं, ती जागा नाहीतर तो माणूस टाळणं. कामाचा थकवा वेगळा, तो साचत साचत येतो आणि दिवाळीची सुट्टी मिळाली की थोडा उतरतो. हे मात्र एका दुपारच्या एका गोष्टीनेही लागू शकतं आणि सुट्टीतही घरी सोबत येतं.

पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, बाबतीत तर आणखी अवघड होतं. कलम १९ प्रमाणे मुलांवरच्या अत्याचाराची माहिती ज्याला मिळाली त्याने पोलिसात कळवायलाच पाहिजे, नाही कळवलं तर सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे, आणि ते बरोबरच आहे. जबाब शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, मुलीच्या घरी किंवा तिला बरं वाटेल तिथे घ्यायचा, सोबत आईवडील किंवा तिच्या विश्वासाचं माणूस. कित्येकदा ते विश्वासाचं माणूस म्हणजे शाळेतल्या बाई असतात. त्या तिच्याजवळ बसून सगळं पहिल्यापासून ऐकतात, संध्याकाळी एसटीने घरी येतात, स्वयंपाक करतात आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला बीजगणित शिकवतात. मुलीची ओळख कुठेही बाहेर जाऊ द्यायची नाही, त्यामुळे कुणाशी बोलायची सोय नाही, घरी नवऱ्याशीपण नाही. गोपनीयता पाळलीच पाहिजे, पण तिच्यापायी ती बाई एकटी पडते हेही खरं आहे.

यावर मला एक वाट सापडलीये आणि ती चालते असं दिसतंय. मी त्यांना म्हणते, मुलाचं नाव नको, काय घडलं तेही नको, तुमचं काय होतंय तेवढं सांगा. झोप लागते का, जेवण जातं का, कोणत्या वर्गात शिरताना पाय जड होतात. यात मुलाचं गुपित कुठेच फुटत नाही, आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यातही ते चित्र नव्याने घुसत नाही, म्हणजे मग मलाही रात्री तेच दिसायला लागत नाही.

दुसरं म्हणजे वेळापत्रक. मी पर्यवेक्षक आहे, माझ्या हातात जे आहे ते तेवढंच आहे आणि खरं सांगायचं तर तेच सगळ्यात जास्त कामाला येतं. कुणी मुलासोबत पोलीस ठाण्यात, रुग्णालयात किंवा मयतीच्या घरी जाऊन आलं की पुढच्या दिवशीचे पहिले दोन तास त्यांना ऑफ, ते मी किंवा पीटीचे सर घेतो, कारण विचारायचं नाही आणि नंतर ते तास भरूनही मागायचे नाहीत. अशा ठिकाणी एकटं कुणीच जायचं नाही, दोघांनी जायचं, आणि दर वेळी त्याच मॅडम नकोत. शिवाय स्टाफच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर घटनेचे फोटो टाकायचे नाहीत हे मी स्पष्ट सांगितलंय. एकदा एकांनी टाकला होता, तो बघून दोन मॅडम त्या दिवशी डबा तसाच घेऊन घरी गेल्या.

मध्यंतरी एका प्रशिक्षणात आम्हाला ताणतणाव या विषयावर दुपारभर बसवलं, दीर्घ श्वास घ्या, सकारात्मक राहा, हसत राहा. श्वास घेऊन थोडं बरं वाटतं, नाही असं नाही, पण चाळीस-पन्नास पोरांचा वर्ग, ऑनलाइन माहित्या, बीएलओचं म्हणजे मतदारयादीचं काम आणि वर हे, यातलं एक काम कमी करा असं तिथे कुणी बोललं नाही याचा मला राग आला आणि अजून आहे.

आणि स्टाफ म्हटलं की आपण फक्त शिक्षक धरतो. खिचडीच्या मावशींना मुलांच्या घरचं आमच्या आधी कळतं, त्या त्याच गावच्या, त्याच गल्लीच्या. परवा ताट वाढता वाढता मावशी एका पोरीकडे बघून थांबल्या, डाव हातात तसाच, मागची पोरं आवाज द्यायला लागली तेव्हा कुठे पुढे झाल्या. विचारलं तर म्हणल्या, "तिच्या आईला आंघोळ मीच घातली होती ओ मॅडम." त्यांना ना ऑफ तास, ना रजा, न आल्या तर खिचडी कोण शिजवणार.

आमच्या मॅडमना महिन्याच्या वर झोप नाही, म्हणजे आता नुसतं माझं ऐकणं पुरणार नाही हे मला कळतंय. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिलाय, तिथे चोवीस तास आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे, तिथेही सोबत जाऊ म्हटलं. त्यांना भीती आहे की कुणी बघेल, मग पालक काय म्हणतील. मी म्हटलं मी येते सोबत, कुणी विचारलं तर माझ्यासाठी आलोय म्हणू. हो म्हणाल्यात, मंगळवारी.

सोमवारी एचएम सरांशी, म्हणजे मुख्याध्यापकांशी, दोन गोष्टी बोलायच्या. मावशी नाही आल्या त्या दिवशी खिचडीला बदली बाई कोण, ते बचत गटाच्या ताईंना विचारून आधीच ठरवून ठेवायचं. आणि आठवी ब ला दुसरा वर्गशिक्षक जोडून द्यायचा, वर्ग काढून घ्यायचा नाही. मॅडमना तो वर्ग सोडायचा नाहीये, आज त्यांनीच सांगितलं.