कल्याणएवढ्या अंतरावरची सीमा

पाडव्याच्या सकाळी, म्हणजे २२ ऑक्टोबर २०२५ ला, उत्तर कोरियाने क्षेपणास्त्रं डागली. आमचं सीमेवर जायचं बुकिंग दुसऱ्या दिवशीचं होतं. बातमी भारतात पोचायचाच अवकाश, कोल्हापूरहून मामीचा फोन आला: "जाऊ नका कुठं, हॉटेलातच बसा." मी खाली दुकानात दूध आणायला गेलो, तर टीव्हीवर तीच बातमी चालू होती आणि गल्ल्यावरचा पोरगा रामेनच्या पाकिटांवर किमतीचे स्टिकर चिकटवत होता. त्याने मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. सहल रद्द झाली का, असं विचारणारा मेल मी टूरवाल्यांना टाकला. उत्तर आलं, "सकाळी सात वाजता. मूळ पासपोर्ट आणा."

कामानिमित्त मी तीन महिने सोलजवळच्या सुवॉनला होतो. दिवाळीला आई आणि मामा आले. मामाला सोलमधले राजवाडे नको होते, के-पॉप तर नकोच नको. त्याला बघायचा होता डीएमझेड, दोन्ही कोरियांमधला चार किलोमीटर रुंद आणि अडीचशे किलोमीटर लांब पट्टा. आईला काहीही चाललं असतं, फक्त "भाऊबीज चुकवायची नाही" एवढी अट.

जाणाऱ्यांसाठी आधी कामाचं. मूळ पासपोर्ट हवाच. झेरॉक्स, मोबाइलमधला फोटो, काही चालत नाही. आमच्या बसमधल्या एका जोडप्याने पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवला होता, त्यांना तिथूनच परत जावं लागलं. सोमवारी आणि सरकारी सुट्टीला सहल नसते. सैन्याच्या मर्जीप्रमाणे आयत्या वेळी रद्दही होते, म्हणून परतीच्या विमानाच्या दिवशी हा कार्यक्रम ठेवू नका. अर्ध्या दिवसाचे आम्हाला माणशी चार हजार रुपयांच्या आसपास पडले. बुक करताना "शॉपिंग नाही" असं लिहिलेली सहल निवडा. आम्ही निवडली नव्हती, त्यामुळे परतताना जिनसेंग या औषधी मुळीच्या दुकानात पाऊण तास अडकलो. तिथली बाई आईच्या गुडघ्यांवरून तिला अर्काची बाटली विकायच्या अगदी बेतात होती.

आणखी एक. आम्ही गेलो तेव्हा कोरियात गुगल मॅपवर चालत जायचा रस्ता नीट दिसत नव्हता. नेव्हर मॅप हे कोरियन ॲप आधीच उतरवून घ्या. याचं कारणही सीमेपलीकडेच आहे: देशाचा बारकाईचा नकाशा बाहेरच्या कंपनीला दिला तर तो उत्तरेच्या हाती लागेल, ही भीती सरकारला वर्षानुवर्षं आहे. सकाळी बसचा थांबा शोधताना आम्ही तिघं दोनदा चुकलो, तेव्हा किम जोंग उनशी माझा पहिला थेट संबंध आला.

बस सोलमधून निघाली की हान नदीच्या काठाने जाते. थोड्या वेळाने काठाला काटेरी तारांचं कुंपण लागतं आणि ठरावीक अंतरावर पहाऱ्याच्या चौक्या. मध्येच मामाने विचारलं, "किती लांब आहे रे?" पन्नासेक किलोमीटर, मी म्हणालो. "म्हणजे व्हीटीहून कल्याण." माझ्या मते या सगळ्या सहलीत समजून घेण्यासारखी गोष्ट हीच आहे. बाकीचं पुस्तकात मिळतं.

१९९४ मध्ये अमेरिकेत क्लिंटन सरकारने उत्तरेची योंगब्योनची अणुभट्टी बॉम्बने उडवून द्यायचा गंभीर विचार केला होता. विमानांना ते अवघड नव्हतं. अडचण या कल्याणएवढ्या अंतराची होती. सीमेपलीकडच्या डोंगरात लपवलेल्या तोफांना सोल गाठायला क्षेपणास्त्र लागत नाही, अणुबॉम्ब तर नाहीच. भट्टी उडवली असती, पण त्या संध्याकाळी सोलचं काय झालं असतं? शेवटी जून १९९४ मध्ये माजी अध्यक्ष जिमी कार्टर प्याँगयांगला जाऊन उत्तरेचे तेव्हाचे सर्वेसर्वा किम इल सुंगना भेटले, ऑक्टोबरात करार झाला आणि प्रकरण निवलं. तो करार पुढे मोडला, २००३ मध्ये उत्तर कोरिया अण्वस्त्रप्रसारबंदी करारातून बाहेर पडला आणि ९ ऑक्टोबर २००६ ला त्याने पहिली अणुचाचणी केली. २०१७ पर्यंत सहा झाल्या.

पहिला थांबा इमजिंगाक. सीमेजवळचं हे ठिकाण पाहून आई चक्रावली, कारण शेजारीच पाळणे आणि हलती जहाजं असलेलं लहान मुलांचं उद्यान आहे. एका बाजूला जत्रा, दुसऱ्या बाजूला कोरियन युद्धात गोळ्यांनी चाळण झालेलं वाफेचं इंजिन. त्यावर हजाराच्या वर छिद्रं आहेत. कुंपणाला हजारो रंगीत फिती बांधलेल्या, त्यांवर कोरियन अक्षरं. पलीकडे राहिलेल्या आईबापांना, भावंडांना लिहिलेलं. एक दगडी वेदीसारखी जागा आहे, तिथे उत्तरेतून आलेली कुटुंबं सणाला गावाच्या दिशेने नमस्कार करतात, कारण गावी जाता येत नाही. आईने तिथे चप्पल काढली. कुणी सांगितलं नव्हतं.

इथे स्वतःहून यायचं असेल तर ग्योंगई-जुंगआंग मार्गाच्या मेट्रोने मुनसानपर्यंत या, तिथून पुढे इमजिंगाकला. पुढच्या लष्करी भागाची तिकिटं इथेच मिळतात, पण जो आधी येईल त्याला. स्वस्त पडतं, मात्र आईवडील बरोबर असतील तर सोलहून बस घेतलेलीच बरी.

पुढे तोंगिल पूल. एक कोवळा शिपाई बसमध्ये चढतो, प्रत्येकाचा पासपोर्ट आणि तोंड ताडून बघतो. बसमध्ये पिन पडली तरी ऐकू येईल अशी शांतता, आणि त्याच क्षणी आईच्या पिशवीतली चकली कडाडली. शिपाई हसला नाही, पण पासपोर्ट परत देताना त्याने दोन्ही हात पुढे केले. इथे दोन्ही हातांनी देणं हा आदर. फोटो मात्र काढू नका, पुलावर नाही आणि शिपायाचा तर मुळीच नाही.

याच बाजूने १९९८ मध्ये ह्युंदाईचे संस्थापक चुंग जू-युंग ट्रक भरून गाई घेऊन उत्तरेत गेले होते. जूनमध्ये पाचशे, ऑक्टोबरात पाचशे एक. मूळचे ते उत्तरेचे. तरुणपणी वडिलांनी गाय विकून आणलेले पैसे चोरून सोलला पळाले होते, त्याची ही फेड. मामाने हिशोब केला: "मुद्दल एक, व्याज हजार. आमच्या पतसंस्थेत असला खातेदार नाही."

तिसरं भुयार ही सहलीतली सगळ्यात दमवणारी गोष्ट, म्हणून नीट सांगतो. उत्तरेने दक्षिणेकडे खणलेली चार भुयारं आजवर सापडली, त्यातलं हे १९७८ मध्ये. जमिनीखाली ७३ मीटर, लांबी १६३५ मीटर, सीमारेषा ओलांडून दक्षिणेत ४३५ मीटर घुसलेलं. मोबाइल, पिशव्या लॉकरमध्ये, डोक्यावर हेल्मेट. आधी साडेतीनशे मीटरचा तीव्र उतार, मग प्रत्यक्ष भुयार. माझी उंची पाच फूट दहा इंच, आणि हेल्मेट किमान वीस वेळा आपटलं, तेव्हा ते डोक्यावरून काढू नका. खाली ओल असते. उतरताना गंमत वाटते, चढताना छाती भरून येते. गुडघे, दमा, रक्तदाब यांपैकी काही असेल किंवा बंद जागेची भीती असेल तर वर थांबा. मोनोरेल आहे, आमच्या तिकिटात नव्हती, बुक करताना विचारा. आई वर बाकावर बसली. तासाभराने आलो तेव्हा तिचा डबा अर्धा रिकामा होता आणि शेजारच्या दोन कोरियन आज्ज्या बोटं चाटत होत्या.

भुयाराच्या भिंती ग्रॅनाइटच्या, पण त्यांवर काळे पट्टे दिसतात. भुयार सापडल्यावर उत्तर कोरिया म्हणाला, ही आमची कोळशाची खाण, आणि त्या म्हणण्याला पुरावा म्हणून भिंतींना कोळशाची पूड फासलेली होती. बोट लावून पाहिलं, अजून काळं येतं. शेवटी काँक्रीटचा अडसर, त्यात छोटी खिडकी. तिथून सीमा १७० मीटर. मामा वाकून बराच वेळ पाहत होता. वर आल्यावर म्हणाला, "आमच्याकडं प्रत्येक गडाला भुयार आहे म्हणतात, कुणी बघितलेलं नाही. एक तरी डोळ्यांनी बघितलं."

डोरा टेहळणी मनोऱ्यावर गेल्यावर समोर उत्तर कोरिया उघडा पडतो. दुर्बिणीसाठी गर्दी होते. बस थांबली की फोटो नंतर, आधी दुर्बीण. डावी-उजवीकडे दोन झेंडे दिसतील. दक्षिणेचा खांब शंभरेक मीटर, तो पाहून उत्तरेने १६० मीटरचा उभा केला. त्यामागे उत्तरेतल्या केसाँग शहराचे डोंगर, जवळजवळ बोडके.

आणि केसाँगच्या कुशीत एक औद्योगिक वसाहत. चाकण, रांजणगावात काम केलेल्या माणसाला ती लगेच ओळखू येते: पांढऱ्या चौकोनी शेड, सरळ रस्ते. २००४ मध्ये सुरू झाली. दक्षिणेच्या सव्वाशेच्या आसपास कंपन्या, उत्तरेचे पन्नास हजारांवर कामगार. जानेवारी २०१६ ला उत्तरेने चौथी अणुचाचणी केली, फेब्रुवारीत रॉकेट सोडलं, आणि दक्षिणेने वसाहत बंद केली. जून २०२० मध्ये तिथली दोन्ही देशांची संपर्क कचेरी उत्तरेने स्फोटकांनी उडवली. ऑक्टोबर २०२४ मध्ये इकडे जोडणारे रस्तेही उडवले. अणुतणाव म्हणजे काय ते मला पानमुनजोमच्या, म्हणजे सीमेवर दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी असतात त्या जागेच्या, फोटोंपेक्षा त्या शेडवरून जास्त कळलं. बंद पडलेल्या कारखान्याची कळा कुठेही सारखीच.

पानमुनजोम आम्हाला पाहता आलं नाही. जुलै २०२३ मध्ये एक अमेरिकी सैनिक सहलीत मिसळून सीमेपलीकडे पळाला, तेव्हापासून तिथली सहल कधी सुरू, कधी बंद. त्यात पुढच्या आठवड्यात ट्रम्प दक्षिणेतल्या ग्योंगजूला यायचे होते, ते किम जोंग उनना भेटणार का, याचीच चर्चा. "२०१९ ला असंच एका दिवसात ठरलं होतं," गाइडबाई म्हणाल्या. ३० जून २०१९ ला ट्रम्प खरंच रेषा ओलांडून पलीकडे गेले होते. या वेळी भेट झाली नाही.

त्याच ट्रम्पनी ऑगस्ट २०१७ मध्ये आग ओकायची धमकी दिली होती, सप्टेंबरात संयुक्त राष्ट्रांत किमना "रॉकेट मॅन" म्हटलं आणि किमनी उलट त्यांना म्हातारचळ लागल्याचं सांगितलं. त्या नोव्हेंबरात उत्तरेचं ह्वासोंग-१५ क्षेपणास्त्र उडालं, अमेरिकेची मुख्य भूमी गाठू शकेल असं. तिथे माझ्या मते हिशोब फिरला. तोवर कल्याणएवढ्या अंतरावर फक्त सोल होतं, आता लॉस एंजेलिसही आलं. मग ट्रम्प-किम यांची सिंगापूरची भेट झाली, हनोईची झाली, काही निघालं नाही, आणि २०२२ मध्ये किमनी कायदाच केला की अण्वस्त्रं सोडायची नाहीत.

मामा इथे यायला का हटून बसला होता, ते परतीच्या बसमध्ये कळलं. कोरियन युद्धाच्या १९५३ मधल्या विरामानंतर मायदेशी परतायला नकार देणाऱ्या हजारो युद्धकैद्यांची जबाबदारी भारतीय सैन्याकडे होती आणि त्या तुकडीचे प्रमुख होते कोल्हापूरचे शंकरराव थोरात. दक्षिणेचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही भारतीय जवानांना आपल्या जमिनीवर पाय ठेवू देईनात, म्हणून त्यांना हेलिकॉप्टरने थेट या पट्ट्यात उतरवलं. तळाचं नाव हिंदनगर. कैद्यांनी एका भारतीय मेजरला डांबलं तेव्हा थोरात स्वतः त्या आवारात शिरले आणि त्याला सोडवून आणलं. कुठलाच कोरिया नको म्हणणारे आणि चीनही नको म्हणणारे मिळून ८८ कैदी शेवटी भारतीय सैन्याबरोबर भारतात आले. गाइडबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. मामा तोडक्या इंग्रजीत सांगत होता, त्या वहीत लिहून घेत होत्या. सोलमधल्या युद्धस्मारक संग्रहालयात त्या युद्धात आलेल्या भारताच्या वैद्यकीय पथकाची नोंद आहे. सामगाकजी स्थानकाला उतरा, प्रवेश फुकट, सोमवारी बंद. मेट्रोतून जाताना फलाटावर काचेच्या कपाटात गॅस मास्क दिसतील, तेही पाहा. तिथले लोक त्यांना टेकून मोबाइल बघतात.

शाकाहाऱ्यांसाठी: त्या भागातलं जांगदानचं सोयाबीन प्रसिद्ध आहे, त्यामुळे टोफू उत्तम मिळतो. पण किमचीत बहुधा मासळीचा अर्क असतो. आमचं भागलं ते चिवड्यावर. ऑक्टोबर अखेरीस सकाळी थंडी चांगलीच असते, कानटोपी घ्या.

संध्याकाळी हॉटेलात निरांजन लावायची सोय नव्हती. छताला धुराचा गजर. आईने बॅटरीवरचा दिवा ताटात ठेवून मामाला ओवाळलं. मामाने खिशातून भाजलेल्या सोयाबीनचं पाकीट काढून ताटात टाकलं, सीमेवरच्या दुकानातलं. (भाजलेलंच घ्या, पेरायचं बियाणं परवान्याशिवाय भारतात आणता येत नाही.)

आईने पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. "एवढ्या लांब येऊन ओवाळणी सोयाबीनची? आणि कोल्हापुरात काय पिकतंय मग?"