लिबरऑफिसमधली माझी मराठीची घडी नव्या लॅपटॉपवर बसवताना

लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला, तेव्हा जो तो मला विचारत होता, फायली वाचल्या का? फायलींच्या प्रती दुसरीकडे होत्या, त्यांची मला काळजी नव्हती. जीव अडकला होता तो लिबरऑफिस या मोफत ऑफिस-सॉफ्टवेअरमध्ये वर्षानुवर्षं बसवत आणलेल्या घडीत. मी मुद्रितशोधनाचं काम करते. दिवाळी अंक, पुस्तकं, अधूनमधून संस्थांचे अहवाल. या कामात रायटर, म्हणजे लिबरऑफिसचा लेखनाचा प्रोग्रॅम, मला कसा हवा, हे मी थोडंथोडं करून त्याला शिकवलं होतं. ‘मरासासं’ टंकलं की ‘महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ’ उमटायचं. लेखकांची आडनावं, गावांची नावं, बोलीतले शब्द यांच्याखाली लाल रेघ येत नसे, कारण ते शब्द मी माझ्या शब्दकोशात घातले होते. आणि ‘ॲ’चा बंदोबस्त केला होता. हे अक्षर दोन तऱ्हांनी लिहिता येतं: एक सलग अक्षर म्हणून, जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं, आणि दुसरं ‘अ’वर चंद्र देऊन. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण शोधताना एक सापडतं आणि दुसरं निसटतं. ‘ॲप’, ‘ॲड’, ‘ॲसिड’ अशा शब्दांच्या जोड्या मी ऑटोकरेक्टमध्ये, म्हणजे टंकलेलं आपोआप बदलणाऱ्या सोयीत, भरून ठेवल्या होत्या.

जुना लॅपटॉप विंडोजचा, नव्यावर उबुंटू, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार. जुन्याची डिस्क शाबूत होती. ती काढून यूएसबीच्या डबीत बसवली आणि शोध सुरू केला.

आधी प्रश्न हाच, की शोधायचं कुठे. त्याचं उत्तर नव्या लॅपटॉपवरच मिळालं. लिबरऑफिसच्या ऑप्शन्समध्ये ‘पाथ्स’ नावाचं पान आहे. ऑटोकरेक्ट, ऑटोटेक्स्ट (साठवलेले मजकुराचे तुकडे), डिक्शनरीज, टेम्प्लेट्स (दस्तऐवजांचे तयार नमुने) यांपैकी काय कुठल्या फोल्डरमधून घेतलं जातं, ते तिथे ओळीनं लिहिलेलं असतं. लिनक्सवर हे सगळं घरच्या फोल्डरातल्या ‘डॉट-कॉन्फिग’ या लपलेल्या फोल्डरात राहतं. विंडोजवर ते ‘ॲपडेटा’मधल्या ‘रोमिंग’मध्ये असतं, आणि तोही फोल्डर लपलेलाच. आत ‘लिबरऑफिस’, त्याच्या आत ‘४’ नावाचा फोल्डर, त्याच्या आत ‘यूजर’. ‘४’ पाहून हे फार जुनं काहीतरी असावं असं वाटतं, पण तसं नाही. चौथी आवृत्ती २०१३ साली आली. पुढे पाच, सहा, सात झाल्या, २०२४पासून तर आवृत्तीला वर्ष-महिन्याचा आकडा मिळू लागला, तरी फोल्डरचं नाव तेच राहिलं. माझ्या दृष्टीनं ही मोठी सोय होती, कारण जुन्या डिस्कवरचा आणि नव्या लॅपटॉपवरचा फोल्डर आतून सारख्याच रचनेचा निघाला.

त्यात ‘रजिस्ट्रीमॉडिफिकेशन्स’ नावाची एक एक्सएमएल, म्हणजे खुणा घातलेल्या साध्या मजकुराची, फाइल असते. साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये ती उघडून मी बराच वेळ वाचत बसले. लिबरऑफिसमध्ये सेटिंग्ज हजारांनी आहेत, पण या फाइलमध्ये त्या सगळ्या नसतात. कारखान्यातून आलेल्या मूळ मांडणीपेक्षा जे जे वेगळं झालं, तेवढंच तिच्यात नोंदलेलं असतं. म्हणजे मी केलेल्या निवडींचा जवळजवळ पूर्ण हिशोब एका जागी होता, आणि तो वाचता येत होता. मात्र त्याच फाइलमध्ये अलीकडे उघडलेल्या फायलींची यादी, खिडक्यांची मापं आणि विंडोजमधले ‘सी’ ड्राइव्हचे पत्तेही होते. ते पत्ते लिनक्सवर निरर्थक. म्हणून मी ही फाइल जशीच्या तशी नेली नाही. एका विंडोजवरून दुसऱ्या विंडोजवर जायचं असतं, तर अख्खा ‘यूजर’ फोल्डर उचलून ठेवला असता. माझ्यासाठी निवडून नेणं योग्य होतं: ऑटोकरेक्टचा फोल्डर, ‘वर्डबुक’ म्हणजे शब्दकोशांचा फोल्डर, ऑटोटेक्स्ट, टेम्प्लेट्स आणि मॅक्रोंचा, म्हणजे एका हुकमानं होणाऱ्या कामांचा, ‘बेसिक’. बाकीच्या सेटिंग्ज जुनी फाइल शेजारी उघडी ठेवून हातानं केल्या.

नकल करताना लिबरऑफिस पूर्ण बंद हवं. ते बंद होताना आपल्याजवळच्या सेटिंग्ज पुन्हा फाइलमध्ये लिहितं, त्यामुळे चालू असताना मागून केलेला बदल पुसला जाऊ शकतो.

सगळं जागेवर ठेवलं, रायटर उघडला, ‘मरासासं’ टंकलं. काहीच झालं नाही. ऑटोकरेक्टच्या खिडकीत भाषा मराठी निवडली, तर यादी तिथे पूर्ण दिसत होती.

इथे मी सगळ्यात जास्त काळ अडकले, आणि जे कळलं ते मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडेल. ऑटोकरेक्टची यादी भाषेगणिक वेगळी असते, आणि कर्सर जिथे आहे त्या मजकुराची भाषा कोणती मानली आहे, त्यावरून यादी निवडली जाते. ती भाषा तळाच्या पट्टीवर दिसते. माझ्या नव्या लॅपटॉपवर तिथे ‘हिंदी’ लिहिलेलं होतं. लिबरऑफिस लिप्यांचे तीन गट करतं: पाश्चात्त्य, आशियाई आणि ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’. देवनागरी या तिसऱ्या गटात येते, आणि माझ्याकडे त्या गटाची भाषा हिंदी धरलेली होती. अक्षरं तीच असल्यामुळे वरून काही कळत नाही. मराठी मजकूर हिंदी समजून तपासला जातो आणि निम्म्या शब्दांखाली लाल रेघा येतात. ‘लँग्वेजेस’च्या पानावर जाऊन तिसऱ्या गटाची भाषा ‘मराठी’ केली, ‘फक्त या दस्तऐवजापुरतं’ हा चौकोन रिकामा ठेवला, आणि नव्या कोऱ्या पानावर मंडळाचं पूर्ण नाव उमटलं.

पण लेखकांकडून आलेल्या फायलींत अजून हिंदीच दिसत होतं. दस्तऐवज आपली भाषा आणि आपले फाँट स्वतःबरोबर घेऊन फिरतो, आणि त्याच्यापुढे माझ्या सेटिंगचं चालत नाही. त्यामुळे एकावर एक तीन थर होतात: तळाशी मूळ मांडणी, त्यावर माझी सेटिंग्ज, त्यावर दस्तऐवजाची स्वतःची. एखादं सेटिंग ऐकत नाही असं वाटलं, तर आधी वरच्या थरात पाहायचं, ही सवय मला तेव्हा लागली. आता आलेल्या फाइलमधला सगळा मजकूर निवडून त्याची भाषा आधी मराठी करते आणि मग वाचायला घेते.

फाँटचंही तसंच. सेटिंगमध्ये फाँटचं फक्त नाव असतं, फाँट नसतो. मुक्ता आणि शोभिका नव्या लॅपटॉपवर वेगळे टाकावे लागले. तोवर रायटर गुपचूप दुसराच फाँट वापरत होता आणि पानांची संख्या बदलत होती.

कीबोर्डची मांडणी मात्र लिबरऑफिसच्या हातात नाही, ती उबुंटूची. तिथे या गोष्टी ‘डीकॉन्फ’ नावाच्या भांडारात जातात. त्याची फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये वाचता येत नाही, पण ‘डीकॉन्फ डंप’ ही कमांड सगळं साध्या मजकुरात काढून देते आणि ‘डीकॉन्फ लोड’नं ते परत भरता येतं. इनस्क्रिप्ट मराठी आणि इंग्रजी अशा दोन मांडण्या लावल्यावर मी लगेच तो मजकूर काढून ठेवला.

फायरफॉक्स या ब्राउझरला त्या मानानं वेळ लागला नाही. ‘अबाउट-सपोर्ट’ या पानावर प्रोफाइलचा, म्हणजे माझ्या सेटिंग्जचा, फोल्डर थेट उघडणारं बटण आहे. उबुंटूवर फायरफॉक्स स्नॅप स्वरूपात, म्हणजे स्वतःच्या वेगळ्या डब्यात, येतो, त्यामुळे तो फोल्डर ‘स्नॅप’च्या आत दडलेला असतो. हे बटण नसतं तर मी तो भलतीकडेच शोधत राहिले असते. ‘अबाउट-कॉन्फिग’मध्ये फक्त बदललेली सेटिंग्ज दाखवायची सोय आहे. इथेही बदललेलंच तेवढं वेगळं नोंदलेलं असतं. माझ्यासाठी त्यातलं मोलाचं म्हणजे देवनागरीसाठी वेगळा फाँट आणि अक्षराचा किमान आकार. ऱ्हस्व-दीर्घ उकार लहान अक्षरात एकसारखे दिसतात, आणि मुद्रितशोधकाला ते चालत नाही. ही सेटिंग्ज मी ‘यूजर डॉट जेएस’ या फाइलमध्ये लिहिली आहेत. फायरफॉक्स दर वेळी सुरू होताना ती वाचतो.

आता हे सगळं एका फोल्डरात आहे आणि त्या फोल्डरावर गिट, म्हणजे फायलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, चालतं. एखादं सेटिंग कुठे जातं हे ठाऊक नसेल, तर मी ते बदलते, प्रोग्रॅम बंद करते आणि गेल्या दोन मिनिटांत कुठली फाइल बदलली हे ‘फाइंड’ कमांडला विचारते. ऑटोकरेक्टची फाइल प्रत्यक्षात झिप असते, म्हणून ती उलगडून आतली एक्सएमएल यादी ठेवते. तसं केलं की गिटला नेमका कुठला शब्द वाढला हे दाखवता येतं. हा फोल्डर सार्वजनिक ठिकाणी मात्र चढवत नाही. उघडलेल्या फायलींची नावंही कधीकधी सांगायची नसतात. लेखकांची अप्रकाशित हस्तलिखितं असतात ती.

शब्दकोशाची फाइल सगळ्यात सोपी निघाली. वर चार ओळींचं शीर्षक, खाली ओळीला एक शब्द. माझी मैत्रीण याच कामात आहे, ती विंडोज वापरते. आम्ही दोघी आपापल्या याद्या एकमेकींना पाठवतो. शीर्षक बाजूला काढायचं, शब्द एकत्र करायचे, दुबार गाळायचे, शीर्षक परत लावायचं. तिच्याकडून आलेल्या यादीत मालवणी शब्द भरपूर होते. ते घातल्यापासून कोकणातल्या कथांखालच्या लाल रेघा पुष्कळ कमी झाल्या आहेत.