व्हीएमसाठी ड्राइव्ह घेताय? डब्यावरचा मोठा आकडा बाजूला ठेवा

व्हीएमसाठी, म्हणजे एका मशीनवर सॉफ्टवेअरने चालवलेल्या आभासी कॉम्प्युटरसाठी, कुठला ड्राइव्ह घेऊ असं कोणी विचारलं की सोबत दोन-तीन मॉडेलची नावं असतातच, आणि त्यांच्यापुढे तोच एक आकडा, सेकंदाला ७००० एमबी, सेकंदाला १४००० एमबी. आकडा खोटा नसतो, पण तो एका मोठ्या सलग फाइलचा असतो, आणि व्हीएम चालवणाऱ्या मशीनवर सलग असं फार काही घडतच नाही. म्हणून मी प्रत्येकाला आधी एकच सांगतो, स्पीड बघू नका, उशीर बघा. म्हणजे चार केबीचा एक छोटा तुकडा लिहायला दिला आणि "हा नक्की लिहिला गेला का ते सांग" असं विचारलं, तर ड्राइव्ह किती वेळात हो म्हणतो. व्हीएमचं सगळं सुख-दुःख त्यावर आहे.

असं का होतं बघा. प्रत्येक गेस्टला, म्हणजे व्हीएमच्या आतल्या सिस्टिमला, वाटतं की ही डिस्क माझ्या एकट्याची आहे. एक लिनक्स व्हीएम लॉग लिहितंय, शेजारी विंडोज अपडेट उतरवतंय आणि त्याचं सर्च इंडेक्सिंग पण चालू आहे, तिसरीकडे डेटाबेस. प्रत्येकाचं लिखाण त्याच्या त्याच्या जागी अगदी नीट सलग असेल, पण होस्टपाशी, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या खऱ्या मशीनपाशी, येईपर्यंत हे सगळे प्रवाह एकमेकांत मिसळतात आणि खालच्या ड्राइव्हला दिसतो तो नुसता कालवा, इथलं चार केबी, तिथलं सोळा केबी, परत इथलं. सलग स्पीडचा फायदा तिथेच संपतो.

हार्ड डिस्कचं तर गणितच करून बघता येतं. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० फेऱ्या मारते, म्हणजे एका फेरीला ८.३३ मिलिसेकंद, हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी म्हणजे ४ मिलिसेकंद आणि वर थोडं, त्यात हेड सरकायला साधारण ८-९ मिलिसेकंद. एकूण १२-१३ मिलिसेकंद झाले. म्हणजे विखुरलेली कामं सेकंदाला ऐंशीच्या आसपास, क्यू, म्हणजे थांबलेल्या कामांची रांग, भरलेली असेल तर थोडी जास्त, बस. आता त्या ऐंशीत पाच व्हीएम बसवा, होस्ट रीस्टार्ट झाला की सगळे एकदम बूट होणार आणि लॉगिन स्क्रीन यायला दहा-दहा मिनिटं लागणार. त्यात हार्ड डिस्कचा दोष नाही, ते काम तिचं नाहीच.

मग एसएसडी. साटा एसएसडी सलग स्पीडला ५५० एमबीच्या आसपास अडकतो कारण ६ गिगाबिटची लाइनच तेवढी, आणि एएचसीआयमध्ये, म्हणजे त्याच्याशी बोलायच्या पद्धतीत, क्यू एकच, तिच्यात ३२ कमांड. एनव्हीएमई म्हणजे थेट पीसीआयईवर, मदरबोर्डच्या वेगवान लाइनवर, बसणाऱ्या एसएसडीची पद्धत, तिच्या स्पेसिफिकेशनमध्ये ६५ हजारांवर क्यू आणि प्रत्येकीत तितक्याच कमांडची सोय आहे, प्रत्यक्षात ड्राइव्ह त्यातल्या थोड्याच देतात पण प्रत्येक कोअरला आपली वेगळी क्यू मिळते हे व्हीएम होस्टसाठी मोठं काम आहे. तरी एक गोष्ट लक्षात ठेवा, एका वेळी एकच छोटी मागणी टाकली तर पीसीआयईच्या चौथ्या जनरेशनचा आणि तिसऱ्या जनरेशनचा ड्राइव्ह यांत दुप्पट फरक अजिबात दिसत नाही, कारण तिथे वेळ जातो तो फ्लॅशमधून वाचण्यात, पीसीआयईच्या लाइनवर नाही. चांगला एनव्हीएमई ड्राइव्ह पण एकेक करून चार केबी वाचताना सेकंदाला शंभर एमबीच्या आतबाहेरच असतो. डब्यावर ७००० लिहिलंय तोच ड्राइव्ह बरं का.

आता खरी गोष्ट, ज्यासाठी लिहायला बसलो. एफसिंक, म्हणजे हे डिस्कवर पक्कं कर आणि मग सांग ही मागणी.

समजा एका व्हीएममध्ये पोस्टग्रेस हा डेटाबेस आहे आणि कोणीतरी एक व्यवहार कमिट केला. पोस्टग्रेस आपल्या लॉगमध्ये दोन ओळी लिहितो आणि कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, म्हणतो, हे डिस्कवर पक्कं झालं की सांग, तोवर मी थांबतो. गेस्टचं कर्नल ते फ्लश म्हणून व्हर्टआयओ डिस्कला, म्हणजे व्हीएमच्या आभासी डिस्कला, देतं, तिथून ते होस्टवरच्या केव्हीएम-क्यूएमूकडे, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, येतं, तो होस्टला सांगतो, होस्ट शेवटी ड्राइव्हला सांगतो, तुझ्या कॅशेत, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, जे आहे ते रिकामं कर. साधा घरगुती एसएसडी इथे प्रामाणिक असेल तर त्याला तो डेटा आपल्या रॅममधून काढून खरोखर फ्लॅशवर लिहावाच लागतो, कारण आत्ता लाइट गेली तर रॅममधलं सगळं गेलं. त्यात एक मिलिसेकंद जाऊ शकतो, कधी कधी कितीतरी जास्त. सर्व्हरसाठी बनवलेल्या ड्राइव्हमध्ये कपॅसिटर असतात, लाइट गेली तरी रॅममधलं फ्लॅशवर उतरवण्यापुरती वीज त्यात साठलेली असते, म्हणून तो ड्राइव्ह रॅममध्ये आलं की लगेच हो म्हणतो आणि त्याचं ते हो खरं असतं. मामला मायक्रोसेकंदांचा होतो. याला पॉवर लॉस प्रोटेक्शन म्हणतात, पीएलपी.

त्यामुळे होतं काय, की जुना सर्व्हरचा साटा एसएसडी, ५५० एमबीवाला, पण पीएलपी असलेला, तो डेटाबेसच्या व्हीएमखाली नव्याकोऱ्या ७००० एमबीच्या घरगुती एनव्हीएमईला आरामात मागे टाकतो. पहिल्यांदा बघणाऱ्याचा विश्वास बसत नाही. डेटाबेस नसेल तरी हा फरक दिसतो, डेबियन किंवा उबुंटूच्या व्हीएममध्ये अपडेट चालवून बघा, डीपीकेजी हा पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम प्रत्येक पॅकेजमागे फाइली सिंक करत जातो, संथ ड्राइव्हवर "अनपॅकिंग" च्या ओळी अडखळत अडखळत येतात आणि सीपीयू मात्र मोकळा बसलेला असतो. आणि कुबरनेटिस (अनेक मशीनवर मिळून ॲप चालवणारी सिस्टिम) शिकायला तीन व्हीएमचं क्लस्टर लावणार असाल तर त्याचा ईटीसीडी हा आतला डेटाबेस तर याबाबतीत फारच हळवा आहे, त्याच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट दिलंय की ९९ टक्के सिंक १० मिलिसेकंदांच्या आत झाले पाहिजेत. नाही झाले की लीडर, म्हणजे क्लस्टरचा म्होरक्या, बदलत बसतो, एपीआय मधूनच गप्प होतं, आणि माणूस नेटवर्कमध्ये दोष शोधत बसतो.

इथे काहीजण सुचवतात की क्यूएमूमध्ये कॅशे मोड "अनसेफ" करून टाक, सगळं उडायला लागतं. उडणारच, कारण त्या मोडमध्ये गेस्टचा फ्लश सरळ दुर्लक्षित होतो. ज्या व्हीएमचा टेस्ट संपला की कचरा होणार आहे तिथे ठीक, बाकी कुठेही नको. "राइटबॅक" वेगळा, तो फ्लश मानतो. प्रॉक्समॉक्स या व्हीएम चालवायच्या सिस्टिममध्ये डिफॉल्ट "नो कॅशे" असतो, तो राहू दिला तरी बहुतेकांचं काम चालतं.

दुसरी गोष्ट फ्लॅशचा प्रकार. टीएलसीत एका सेलमध्ये ३ बिट, क्यूएलसीत ४. एकाच सेलमध्ये जितके जास्त बिट कोंबाल तितकं लिहिणं हळू आणि आयुष्य कमी. हे झाकायला ड्राइव्ह आपल्या काही सेलमध्ये एकेकच बिट लिहून तात्पुरती एसएलसी कॅशे करतो आणि मोकळा वेळ मिळाला की ते नीट घडी घालून ठेवतो. रिव्ह्यूमधला सुंदर स्पीड बऱ्याचदा या कॅशेचाच असतो. एखादं दोनशे जीबीचं विंडोज व्हीएम क्यूएलसी ड्राइव्हवर क्लोन करून बघा, सुरुवातीला बार पळत सुटतो, मग एका ठिकाणी आकडा धाडकन पडतो आणि शंभर एमबीच्या आसपास, काही ड्राइव्हवर त्याहून खाली जाऊन बसतो, आणि तेवढा वेळ त्या ड्राइव्हवरचे बाकीचे सगळे व्हीएम पण त्याच्यासोबत रखडतात. ड्राइव्ह जितका भरलेला तितकी ही कॅशे लहान होत जाते, म्हणून अर्धा रिकामा असताना चांगला वाटलेला ड्राइव्ह नव्वद टक्के भरल्यावर ओळखू येत नाही. आयएसओ (इन्स्टॉलेशनच्या फाइली), टेम्प्लेट ठेवायला क्यूएलसी खुशाल घ्या. चालू व्हीएमला नको.

डीरॅम, म्हणजे ड्राइव्हची स्वतःची रॅम, नसलेले ड्राइव्ह पण असतात, ते आपला पत्त्यांचा नकाशा ठेवायला होस्टच्या रॅममधला थोडा भाग उसना घेतात, बहुतेक वेळा शंभर एमबीच्या आतच. लॅपटॉपवर एक-दोन व्हीएम असतील तर चालून जातं, पण मोठ्या जागेवर विखुरलेलं काम आलं की नकाशाचा हवा तो तुकडा तिथे नसतो आणि मग तो आणायला आधी फ्लॅश वाचा, मग डेटा वाचा.

आयुष्याबद्दल. १ टीबीच्या चांगल्या टीएलसी ड्राइव्हला ६०० टीबीडब्ल्यू (एकूण ६०० टीबी लिखाण) आणि ५ वर्षं अशी वॉरंटी बऱ्याचदा असते. भागाकार केला तर रोजचे साधारण ३२९ जीबी येतात आणि वाटतं की एवढं कोण लिहितंय. पण व्हीएममध्ये गेस्टची फाइल सिस्टिम जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, लिहिते, त्याखाली होस्टची आपलं लिहिते, झेडएफएस ही फाइल सिस्टिम असेल तर सिंकवालं लिखाण आधी इंटेंट लॉगमध्ये आणि मग परत मूळ जागी, असं दोनदा जातं, आणि ड्राइव्ह आत स्वतःची हलवाहलव करतो ती वेगळी. गेस्टने लिहिलेला एक जीबी खाली एकच राहत नाही. सर्व्हरच्या ड्राइव्हवर हेच डीडब्ल्यूपीडीमध्ये लिहितात, १ डीडब्ल्यूपीडी म्हणजे रोज एकदा पूर्ण ड्राइव्ह भरून लिहा, ५ वर्षं, म्हणजे १ टीबीला १८२५ टीबी. अंदाज बांधत बसण्यापेक्षा स्मार्टसीटीएल ही ड्राइव्हची तब्येत दाखवणारी कमांड चालवून "पर्सेंटेज यूज्ड" बघा, आज बघा, महिन्याने परत बघा. त्याखालचा "डेटा युनिट्स रिटन" पण बघा, त्यातलं एक युनिट म्हणजे ५,१२,००० बाइट, म्हणजे तिथे वीस लाख दिसले तर साधारण १ टीबी लिहून झाला. महिन्याला किती टक्के सरकतंय ते कळलं की पुढची काळजी मिटते. जुना सर्व्हर ड्राइव्ह घेताना तर हे बघितल्याशिवाय घेऊच नका, विकणाऱ्याकडे त्याचा स्क्रीनशॉट मागा, द्यायला कां कूं केली तर सोडून द्या.

मग घ्यायचं काय. लॅपटॉपवर किंवा एका डेस्कटॉपवर शिकण्यापुरते दोन-चार व्हीएम असतील तर डीरॅमवाला टीएलसी एनव्हीएमई, तिसरी जनरेशन पण चालेल, आणि वाचलेल्या पैशात रॅम वाढवा, कारण रॅम कमी पडली की गेस्ट स्वॅप करायला, म्हणजे रॅमचं काम डिस्कवर ढकलायला, लागतात आणि मग कितीही भारी ड्राइव्ह असला तरी गुदमरतो. चोवीस तास चालणारा होस्ट, डेटाबेस, झेडएफएस, क्लस्टर यातलं काहीही असेल तर पीएलपी हवंच, नवा नाही परवडला तर वापरलेला पण पीएलपीवाला. फक्त स्लॉट आधी बघा, एम.२ मध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या पट्टीसारख्या ड्राइव्हच्या स्लॉटमध्ये, पीएलपीचे बरेच ड्राइव्ह २२११० म्हणजे ११० मिलिमीटर लांब येतात आणि साध्या मदरबोर्डवर जागा ८० मिलिमीटरचीच असते. यू.२, म्हणजे सर्व्हरसाठीचा वेगळ्या कनेक्टरचा ड्राइव्ह, घेतलात तर अडॅप्टर लागेल आणि हवा पण लागेल, ते ड्राइव्ह सर्व्हरच्या जोरदार पंख्यांसाठी बनवलेत, बंद कॅबिनेटमध्ये तापले की स्वतःहून हळू होतात.

दोन ड्राइव्हचा मिरर, म्हणजे दोन्हीवर तोच डेटा, करणं मला तरी पटतं, वाचनाला हातभार लागतो आणि एक गेला तरी व्हीएम चालू राहतात. एसएसडीवर पण रेड ५ (डेटा आणि पॅरिटी, म्हणजे हरवलेलं परत काढायचा हिशोब, सगळ्या ड्राइव्हवर वाटून ठेवणं) मात्र व्हीएमखाली मी टाळतो, एक छोटं लिखाण करायला जुना डेटा वाच, जुनी पॅरिटी वाच, मग दोन्ही नवीन लिही, असे चार फेरे होतात.

ड्राइव्ह आला की लगेच व्हीएम हलवू नका. रिकामा असतानाच एफआयओ हा टेस्टचा प्रोग्रॅम चालवा, चार केबीचं विखुरलेलं लिखाण, क्यू डेप्थ १ (एका वेळी एकच काम), प्रत्येक लिखाणानंतर एफसिंक, आणि सरासरी न बघता ९९ टक्क्यांची लेटन्सी, म्हणजे ९९ टक्के लिखाणं किती वेळाच्या आत होतात, ते बघा. मग तीच टेस्ट सत्तर-ऐंशी टक्के भरून परत चालवा, आणि एकदा अर्धा तास सलग लिहायला लावा, म्हणजे कॅशे संपल्यानंतरचा चेहरा दिसतो. नंतर चालू होस्टवर आयओस्टॅट या कमांडमध्ये डब्ल्यू-अवेट (लिखाणाला लागलेला वेळ) आणि एफ-अवेट (फ्लशला लागलेला वेळ) हे दोन कॉलम बघत चला, "युटिल" शंभर टक्के दिसलं म्हणून एनव्हीएमईवर घाबरायचं कारण नाही, तो एका वेळी कितीतरी कामं करतो आणि तो कॉलम ते मोजत नाही.

व्हीएमच्या डिस्कला डिस्कार्ड चालू करा आणि गेस्टमध्ये ट्रिम (मोकळी झालेली जागा खाली कळवणं) आठवड्याला चालतंय ना ते बघा, नाहीतर गेस्टने डिलीट केलेलं सगळं खाली भरलेलंच राहतं. थिन प्रोव्हिजनिंग, म्हणजे लागेल तशी जागा देणं, असेल तर हे अजूनच महत्त्वाचं, पूल काठोकाठ भरला की गेस्टला लिहिताना एरर येतात किंवा व्हीएम जागच्या जागी थांबतो, आणि फाइल सिस्टिम बिघडायला तेवढं पुरतं. पंधरा-वीस टक्के जागा मी कायम मोकळी सोडतो.

बॅकअपला मात्र हार्ड डिस्कच, तिथे काम सलग असतं आणि तिला ते छान जमतं. फक्त एसएमआरवाली घेऊ नका, तिच्यावरचे ट्रॅक एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे मधलं काही बदलायचं तर शेजारचा पूर्ण पट्टा परत लिहावा लागतो, आणि रेड रीबिल्ड करायची वेळ आली की ती तासांचं काम दिवसांवर नेते. डब्यावर हे नेहमी लिहिलेलं नसतं, मॉडेल नंबर टाकून डेटाशीटमध्ये सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढवलेली) असं स्पष्ट दिसलं तरच घ्या.