वाघोलीचा निळा, टूसॉनच्या मोटेलात

अ‍ॅरिझोनातल्या फीनिक्सहून टूसॉन गाडीने दोन तासांवर. तरी सहा वर्षांत तिथलं दगडांचं प्रदर्शन मी पाहिलं नव्हतं. ‘दगड बघायला एवढं लांब कशाला, दार उघडलं की वाळवंटच आहे’ हा आमच्या घरातला ठरलेला विनोद. यंदा फेब्रुवारीत गेले ती बारीक वस्तू जवळून टिपणारी नवी मॅक्रो लेन्स वापरायला निमित्त हवं होतं म्हणून.

१९५५ साली गावातल्या हौशी मंडळींनी एका शाळेत मांडलेलं हे प्रदर्शन आता शहरभर पसरलंय. मुख्य भाग कन्व्हेन्शन सेंटरमध्ये, बाकी सगळं तंबूंमध्ये आणि मोटेलांत. मोटेलच्या खोलीतला पलंग हलवायचा, फळ्या टाकायच्या, वर दिवे लावायचे की झालं दुकान. रात्री विक्रेता झोपतो कुठे, हे कोडं मला सुटलं नाही.

पहिले दोन तास मी नुसती सुटले होते. मोरोक्कोचं लालभडक व्हॅनॅडिनाइट, इथल्याच बिस्बीच्या खाणीतलं निळं अझुराइट, वुल्फेनाइटच्या नारिंगी चकत्या. तीनशेच्या वर फोटो. जेवायला बसल्यावर एकेक मोठा करून पाहिला आणि जेवण गोड लागेना. कपाटातला हॅलोजन पिवळा, छताची ट्यूब पांढरी, त्यामुळे एकाच दगडाची एक बाजू हळद लावल्यासारखी. प्रत्येक स्फटिकाचं एकच टोक स्पष्ट, बाकी धुकं. आणि काचेत सगळीकडे माझा गुलाबी कुर्ता! अझुराइटवरची जी जांभळी झाक पाहून मी हरखले होते, ती कुर्त्याचीच निघाली.

दुपारी एका मोटेलात आपल्याकडचे दगड दिसले. फिकट हिरवं अ‍ॅपोफिलाइट, पीच रंगाच्या स्टिल्बाइटच्या पेंढ्या, कापसाच्या बोंडासारखं ओकेनाइट. आणि एका पांढुरक्या तुकड्यावर बोराएवढा, काटेरी, गडद निळा गोळा. खाली इंग्रजीत चिठ्ठी : कॅव्हन्साइट, वाघोली, पूना. ‘पुणे’ नाही, ‘पूना’. या धंद्यात अजून तेच चालतं.

मी नगर रोडला वाढलेली. वाघोली म्हणजे आमच्यासाठी खडीचे डंपर आणि धूळ. त्याच खाणींतल्या काळ्या दगडात हे सापडतं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले, पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांतून झिरपलेल्या गरम पाण्याने हे स्फटिक वाढवले. कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकॉन यांची आद्याक्षरं जोडून नाव कॅव्हन्साइट. सापडलं आधी ओरेगनात, पण संग्राहकांना हवा असतो तो वाघोलीचाच. अजिंठ्याच्या पायथ्याशी मागे लागणाऱ्या दगडविक्रेत्यांना लहानपणी मी कितीदा ‘नको’ म्हटलंय, ते आठवून जरा ओशाळायला झालं.

विक्रेते जळगावकडचे निघाले. “ताई, काचेतून नका काढू. थांबा, बाहेर देतो,” म्हणत त्यांनी तुकडा स्वतःच उचलला. दुसऱ्याच्या दगडाला आपण हात लावायचा नाही, हा इथला पहिला नियम. ओकेनाइटचे तर केस बोटाने कायमचे चपटतात.

व्हरांड्यात सावली होती. छोटी तिपाई, काळं मखमली कापड, दगड डुलू नये म्हणून खाली चिकट लगद्याचा गोळा. टॉर्चपुढे ट्रेसिंग पेपर धरला, दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा. आधी रंग जुळवायला राखाडी कार्डाचा एक फोटो, कारण सावलीतला उजेड मुळातच निळसर असतो आणि तो काढून टाकला नाही तर स्टिल्बाइटही निळं दिसतं.

तरी गोळा सपाटच येत होता, कागदावर शाईचा डाग पडावा तसा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकूण उजेडाचा आलेख व्यवस्थित दिसत होता. शेवटी तिन्ही रंगांचे आलेख वेगळे उघडले तेव्हा कळलं : लाल-हिरवा मजेत, निळा मात्र उजव्या भिंतीला जाऊन आदळलेला, म्हणजे इतका जास्त की त्यातले बारकावे पुसले गेलेले. एक्स्पोजर एक स्टॉप खाली आणलं, म्हणजे उजेड निम्मा केला, आणि गोळ्यात एकदम काटे उगवले! हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर अर्धा तास वाचला असता.

उरला फोकस. इतक्या जवळून एका फोटोत एक पातळ थरच स्पष्ट येतो. लेन्सचं छिद्र एफ/८ वर ठेवलं. त्याहून फार लहान केलं की सगळंच मऊ पडतं. मग पुढच्या काट्यापासून मागच्या काट्यापर्यंत फोकस केसभर सरकवत अठ्ठावीस फोटो, प्रत्येकाला दोन सेकंदांचा टायमर. व्हरांडा लाकडी. कुणी चाललं की तिपाई थरथरायची. चौदाव्या फोटोला एक कुटुंब ढकलगाडीसह गेलं, पुन्हा पहिल्यापासून. जळगावकर तिसऱ्या वेळी दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना हाताने थांबवत होते. त्यांनी किंमत सांगितली तेव्हा मी पाण्याची बाटली उघडून तोंडाला लावली.

घरी संगणकावर अठ्ठावीस फोटो एकावर एक बसवले, प्रत्येकातला स्पष्ट भाग तेवढा घेऊन. कडांना थोडी प्रभा आली, ती हाताने पुसली. निळा मात्र तोच आला, डोळ्यांनी पाहिलेला.

बाबांना पाठवला. पाच मिनिटांत फोन. “वाघोलीत कुठल्या खाणीतला गं?”

चिठ्ठीवर खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती, एवढं आठवत होतं. अठ्ठावीस फोटोंत चिठ्ठी एकातही नव्हती.