भूकंपानंतरचं निवेदन आणि चार तास अडलेली एक ओळ

भूकंपानंतर लोकांसाठी काढायच्या निवेदनातला केंद्र, खोली, मॅग्निट्यूड (भूकंपाची ताकद सांगणारा आकडा) हा सगळा मजकूर अर्ध्या तासात तयार झाला. अडलं ते आफ्टरशॉकच्या, म्हणजे मुख्य धक्क्यानंतर येणाऱ्या धक्क्यांच्या, ओळीवर. मी लिहिलं होतं: ‘धक्के येत राहतील, हळूहळू कमी होतील, पण एखादा मोठाही असू शकतो. तडे गेलेल्या इमारतीत जाऊ नका.’ मंजुरी देणाऱ्या कार्यालयाने ‘मोठाही’ खोडून ‘घाबरण्याचे कारण नाही’ असं घातलं. मी बदल नाकारला, मसुदा पुन्हा परत आला. यात चार तास गेले. तोवर ‘रात्री दोन वाजता महाभूकंप’ हा निरोप घरोघरी पोचला होता आणि आमच्याकडून एक अक्षर बाहेर पडलं नव्हतं. त्याचा राग अजून जात नाही.

पुढचा धक्का बसला की पोकळ दिलासा खोटा ठरतो आणि मग खरी सूचनाही कुणी ऐकत नाही. इटलीत लाक्विला इथे २००९ साली मोठ्या भूकंपाच्या आठवडाभर आधी टीव्हीवरून लोकांना निर्धास्त केलं गेलं. त्या भूकंपात ३०९ माणसं गेली.

ओळ सुटली ती आकडे जोडल्यावर. सर्वांत मोठा आफ्टरशॉक मुख्य धक्क्यापेक्षा सरासरी १.२ ने लहान असतो, म्हणजे ६.५ नंतर ५.३ च्या आसपास. दहाव्या दिवशीचे धक्के पहिल्या दिवसाच्या साधारण एक दशांश. मात्र घटते ती संख्या. उशिरा येणारा धक्काही मोठा असू शकतो. हे वाक्य काढू देऊ नका.

पहिल्या मॅग्निट्यूडपुढे ‘प्राथमिक’ लिहाच. जास्त भूकंपमापन केंद्रांच्या नोंदी आल्या की ६.१ चा ६.३ होतो, आणि तो शब्द नसेल तर लोकांना लपवाछपवी वाटते. मॅग्निट्यूड भूकंपाचा एकच असतो, तीव्रता, म्हणजे त्या ठिकाणी हादरा किती जोरात जाणवला ते, गावागणिक बदलते. दोन्हींसाठी एकच शब्द वापरला की गोंधळ होतो.

अफवा खोडताना ती मथळ्यात नको. ‘भूकंपाची तारीख-वेळ कुणालाच आधी सांगता येत नाही’ इथून सुरुवात करा. चित्र पाठवत असाल तर तारीख-वेळ चित्राच्या आतच छापा, नाहीतर तेच चित्र महिनाभराने पुन्हा फिरतं. पुढचं निवेदन किती वाजता, हेही त्यातच. नवीन काही नसलं तरी त्या वेळेला निवेदन द्यायचंच.

आणि हे खरं तर सगळ्यात आधी करायचं: आफ्टरशॉकचा मजकूर शांत काळात, आकड्यांच्या जागा रिकाम्या ठेवून, सहीनिशी मंजूर करून घ्या. आमच्याकडे तो आता तसा तयार आहे, ‘मोठाही’ या शब्दासकट.